डब्यांची वही आणि दोन ठिपके

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातही तिसरी दोनदा झाली. तेवढ्या शिक्षणावर मी तीस वर्षं दवाखान्यातल्या लोकांना डबे पुरवले आणि त्या डब्यांची वही स्वतः लिहिली. ती वही आता कपाटात आहे. तिच्या जागी मोबाईलवर एक पान उघडतं. ते माझ्या सुनेनं बनवलं. ते कसं बनलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या हट्टामुळे काय होता होता राहिलं, ते लिहून ठेवते. मला ज्या दोन बायांचे आभार मानायचे आहेत, त्या दोघी तोंडावर चांगलं बोललं की चेष्टा करतात. म्हणून कागदावर.

आमची गल्ली धंतोलीला लागून आहे. धंतोलीत दवाखान्याला दवाखाना चिकटलेला. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, कुठून कुठून माणसं येतात, एका हातात फाईल, दुसऱ्या हातात पिशवी. डॉक्टर सांगतात, पेशंटला घरचं द्या, मीठ देऊ नका, तेल देऊ नका. घर कुठे? घर दोन एसट्या बदलून. ते घरचं मी देते. माझा नवरा तिथल्याच एका दवाखान्यात महिनाभर होता. त्याच्या डब्यासोबत शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठीही मी डबा नेत होते. नवरा वाचला नाही. म्हातारा वाचला आणि त्यानं दहा जणांना माझा पत्ता सांगितला. काम असं लागलं.

डबे पाच तऱ्हेचे. साधा, बिनमिठाचा, शुगरवाल्याचा, ज्याला चावता येत नाही त्याचा पातळ, आणि किडनीवाल्याचा. शेवटचा सगळ्यात कठीण. त्यात मीठ नाही, आलू नाही, टमाटर नाही, पालक नाही. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं, मग फोडणी द्यायची. वरण बेताचं. त्या माणसाला साधा डबा गेला तर अंगावर सूज चढते, दम लागतो, आणि कधी त्याहून वाईट होतं. हे डॉक्टर प्रत्येकाला सांगतात आणि मीही इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलं आहे.

वहीत ओळी वाटेच्या क्रमानं असायच्या. ऑटोवाला ज्या वाटेनं जायचा त्या वाटेनं दवाखाने, दवाखान्यात मजले, मजल्यावर खाटा. प्रत्येक ओळीत आधी खाट, मग डबा कोणता, मग सकाळ की सांज. खालच्याचा डबा वरच्यासारखाच असला तर मी पुन्हा लिहीत नसे. दोन ठिपके द्यायची. हे मला चौथीच्या गुरुजींनी शिकवलं. वरच्यासारखंच असलं तर शाई कशाला वाया घालवता, म्हणायचे. शाळेतून मी जे थोडंफार घरी आणलं, त्यात मला हे सगळ्यात आवडलेलं. ठिपके दिले की मला मी शिकलेली वाटायची.

कोणाला सुटी झाली की त्याच्या ओळीवर आडवी रेघ मारायची. रेघेखालचं वाचता येतं, त्यामुळे खालचे ठिपके कधी अडले नाहीत.

सून बुटीबोरीच्या एका धाग्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होती. कोणत्या रंगाचा, किती जाडीचा धागा कोणत्या रॅकवर आहे, ते कॉम्प्युटरवर ठेवणं तिचं काम. रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून तिनं ते सोडलं आणि माझ्या ओट्याशी आली. स्वयंपाकात तिचा उपयोग बेताचाच. पोळ्या करणारी बाई वेगळी आहे, वीस वर्षांपासून माझ्याकडे. तिला सगळे पोळीवाली म्हणतात. सून भाजी चिरायची आणि माझं फोनवरचं बोलणं ऐकायची.

फोन सकाळी सातपासून सुरू. आज काय आहे, शुगरवाल्याला चालते का, सांजी काय देता, आमच्या म्हाताऱ्याला चावत नाही तर काय देता. एके दिवशी मी फोन ठेवला आणि सून म्हणाली, "आई, तुम्ही दर सोमवारी तेच सांगून राहिल्या."

"मंग? सोमवारी सोमवारचंच सांगन ना."

"तेच म्हणते मी. दर सोमवारी तेच असते तर एकदा लिहून ठेवू. लोक आपापल्या मोबाईलवर पायतीन."

"अन् त्याईनं पायलं तर मी काय करू?"

"भाजी चिरा," ती म्हणाली.

मला राग आला, पण कामाचं बोलली होती. आठवडाभर ती माझ्यामागे वही घेऊन फिरली, शाळेतल्या मास्तरणीसारखी. मी एका दमात सांगायची: मंगळवारी सकाळी लवकी-वरण-पोळी, बिनमिठाचीही निघते, किडनीवाल्याला चालते, सांजची नाही. ती म्हणायची, असं नाही. एका खान्यात एकच गोष्ट. वार एका खान्यात. वेळ दुसऱ्यात. भाजी तिसऱ्यात. मीठ आहे की नाही, चौथ्यात. आलू-टमाटर आहे का. गोड आहे का. चावावं लागतं का. एका लवकीला, म्हणजे दुधी भोपळ्याला, सात खाने.

"लवकीची कुंडली मांडून राहिली का वं?" मी विचारलं.

"हो. लग्न लावायचं हाये तिचं पेशंटसंग."

पोळीवाली इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

मग एका दुपारी तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. पानाच्या वरच्या बाजूला रंगीत बटणं होती. "किडनी"वर बोट ठेवलं तशी आठवड्याच्या सगळ्या भाज्यांमधून किडनीवाल्याला चालतात तेवढ्याच उरल्या. मग "मंगळवार"वर बोट ठेवलं, त्यातली लवकी एकटी राहिली. पुन्हा दाबलं, सगळ्या परत आल्या.

"गेल्या होत्या कुठे?"

"कुठे नाही. लपल्या होत्या."

मला ते आवडलं. फोनवर मी हेच तोंडानं करायची. आधी आजार विचारायचा, मग वार, मग एकेक भाजी बाजूला सारत उरलेली सांगायची. एवढं साधं काम मी रोज चाळीसदा करत होते आणि त्याला माझी गरज नव्हती. हे सुनेला मी सांगितलं नाही. "बरं हाये," म्हटलं.

स्कॅन करायचं ते चौकोनी चित्र तिनं डब्यांच्या झाकणांवर चिकटवलं. पंधरा दिवसांत फोन निम्म्यावर आले. तीस वर्षांत पहिल्यांदा मी सकाळचा चहा बसून प्यायले. त्याआधी उभ्यानंच प्यायची. आता रोज बसून पिते. सुनेचं माझ्यावरचं पहिलं ऋण ते.

त्याच दिवसांत खाप्याहून एक बाई आली. नवऱ्याची किडनी गेलेली, आठवड्यातून ठरल्या दिवशी रक्त धुवायच्या मशीनवर घ्यायचे, शिवाय काही तपासण्यांसाठी ठेवून घेतलेला. बाई पन्नाशीची, वाळकी, बोलायला तिखट. कन्हान नदीच्या रेतीत ही दोघं डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि काकड्या लावायची. नवऱ्यानं जन्मात मिठाशिवाय काकडी खाल्ली नव्हती, असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी किडनीचा डबा सुरू केला. चार दिवसांनी ती रिकामा डबा द्यायला आली आणि सहज बोलून गेली, "चाखल्याबिगर त्याईले देत नाई मी."

मला झोंबलं. "काहून? माह्या हातावर भरवसा नाई?"

"भरवसा हाये ना मावशी. पण नवरा एकच हाये."

पोळीवाली तोंडाला पदर लावून हसली. मी त्या दिवसापासून त्या बाईशी कामापुरतंच बोलत होते. कोणी माझा डबा तपासून पाहावा, हे तीस वर्षांत झालं नव्हतं.

इकडे माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. उजवा आधीच अधू. वहीत मी एका ओळीवर दुसरी ओळ लिहायला लागले. डोळ्याच्या डॉक्टरनं तारीख दिली. सून म्हणाली, आता वहीही पानावर घेऊ. पानाची एक बाजू बाहेरच्यांसाठी, एक आपल्यासाठी. पोळीवालीनं "किडनी" दाबायचं, जेवढ्या खाटा दिसतील तेवढे किडनीचे डबे भरायचे. मग शुगर, मग पातळ, मग बिनमिठाचे. बाकी उरतील ते साधे. पोळीवालीला वाचता येतं, सावकाश.

सून वही समोर ठेवून उतरवायला बसली आणि पहिल्याच पानावर अडली.

"आई, हे ठिपके काय?"

"वरच्यासारखं."

"मी इथं पूर्ण लिहिते. किडनी, किडनी, किडनी."

"कशाले? जे हाये ते उतरव."

"वरच्याले सुटी झाली अन् मी ती ओळ काढली तर? मंग हा कोणासारखा?"

"तीस वर्षांत कधी चुकलं नाई."

"वहीत नाई चुकत. इथं—"

"तू कारखान्यात होती तवाही हे डबे जात होते," मी म्हटलं. "माह्या वहीत अक्कल लावू नको. जशी हाये तशी उतरव."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जशी होती तशी उतरवली. ठिपक्यांसकट. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. वाद घालायला वेळ नव्हता आणि मी ऐकणारी नव्हते, दोन्ही खरं. खरं म्हणजे खाप्याच्या बाईनं डबा चाखला म्हणून झोंबलं होतं, आणि त्याचा राग मी सुनेवर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून मला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. भाजीचं सामान मी आदल्या सांजी काढून ठेवलं होतं. त्या दिवशी साध्या डब्यात आलू-टमाटरची रस्सा भाजी होती आणि किडनीवाल्यांसाठी लवकी. दुपारी बाराला मी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आले. धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, असं बजावलेलं. मी दारातल्या खुर्चीत बसले. डबे अर्ध्या तासापूर्वी निघाले होते. पोळीवाली ओटा धूत होती.

"किडनीचे किती गेले?" मी विचारलं.

"दोन."

"दोन कशे? पाच हायेत."

"मोबाईलवर दोनच आले. मले वाटलं, तिघाईले सुटी झाली. म्हटलं, चांगलं झालं."

"अन् लवकी?"

"उरली ना तिघाईची. मी म्हटलंच मनात, तुमी आज जास्त कशी काढली."

"मंग विचारलं नाई?"

"कोणाले विचारू? तुमचा डोया कापून राहिले होते. अन् मोबाईल खोटं बोलन का?"

सुनेच्या हातात स्कुटीची चावी होती, ती घरात ठेवायला चालली होती. ती जागीच थांबली. मोबाईल घेतला, "किडनी" दाबलं. दोन खाटा. मग उरलेल्या साध्यांची यादी उघडली. त्यात किडनीच्या ओळींखालच्या तीन ओळी होत्या ज्यांच्या डब्याच्या खान्यात फक्त दोन ठिपके होते.

"आई, ठिपके," ती म्हणाली. तेवढंच.

मग मला कळलं. ज्या ओळीत "किडनी" हा शब्द होता, तीच ओळ बटणाला सापडली. ठिपक्यांची ओळ त्याला सापडली नाही, कारण मोबाईल फक्त त्या खान्यात काय आहे तेवढं पाहतो. वर कोण आहे हे तो पाहत नाही. माझी वही वाचणारा माणूस नजर वर नेतो. हा नेत नाही. म्हणून तीन किडनीवाल्यांना साधा डबा गेला होता, आलू-टमाटरचा, मिठाचा. त्यातली तिसरी खाट खाप्याच्या माणसाची.

सुनेनं उरलेल्या लवकीचं पातेलं फडक्यात बांधलं, चार बिनमिठाच्या पोळ्या घेतल्या आणि गेली. पोळीवालीनं माझ्या सांगण्यावरून खाप्याच्या बाईचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. वॉर्डात ती फोनचा आवाज बंद ठेवायची, ते मला माहीत होतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मी खुर्चीत बसून मीठ मोजत होते. वरणाच्या पातेल्यात किती, भाजीत किती, पोळीच्या कणकेत किती, एका डब्यात किती जात असेल. हातावर ते मीठ ठेवलं तर केवढं दिसेल. ते फार नव्हतं. पण त्या माणसाला चिमूटही मना होतं, आणि टमाटर वेगळं.

पोळीवाली म्हणाली, "कोणाचं काही होत नाई जी."

"तू गप बस," मी म्हटलं. तिच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं. तिनं सांगितलं तसंच केलं होतं.

पाऊण तासानं सून आली. पहिल्या खाटेवर डबा उघडलाच नव्हता. दुसऱ्या खाटेवरच्या म्हातारीनं अर्धी पोळी आणि थोडी भाजी खाल्ली होती. सुनेनं नर्सला स्पष्ट सांगितलं, आमची चूक झाली, हे हे पोटात गेलं आहे. डॉक्टर आले, एका वेळेचं आहे, आम्ही लक्ष ठेवतो, म्हणाले.

"अन् खाप्याचा?"

"खाट रिकामी होती. मशीनवर नेलं म्हणे. बाईही नव्हती. डबाही नव्हता." ती भिंतीला टेकली. "मी लवकी सिस्टरपाशी ठेवून आली."

"मशीनचा वार होता का त्याचा? की खाल्ल्यानं नेलं?"

"माहीत नाई आई. सिस्टरची पाळी बदलून राहिली होती. नवीन होती ती."

यानंतर तीन वाजेपर्यंत आम्ही तोच नंबर लावत राहिलो. सुनेनं मला डोळ्यात थेंब टाकले. मला वाटत होतं आता ती म्हणेल, मी सांगितलं होतं. मी वाट पाहत होते. तिनं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मला भांडता आलं असतं.

तीन वाजता खाप्याची बाई दारात उभी. डबा तिनं माझ्या पायाशी ठेवला.

"घ्या मावशी तुमचा डबा. लय चव होती आज."

मी खुर्चीत पुढे सरकले. "खाल्लं त्यानं?"

"बसू तर द्या मले. चार जिने उतरून आली." ती पायरीवर बसली, पदरानं मान पुसली. सुनेनं पाणी दिलं. ते तिनं सगळं प्यायलं. मग म्हणाली, "वरणाले बोट लावलं, जिभेवर ठेवलं, अन् झाकण लावून देलं. त्या आलूकडे तं मी पायलंच नाई."

"अन् तो?"

"तो भांडला. म्हने, मयनाभरानं आज वरणाचा वास वरणासारखा आला, एक घास तरी खाऊ दे वं. म्या म्हटलं, मराचं असन तं घरी चालून मर, इथून तुले एसटीत घालून नेनं मले एकटीले जमत नाई. मंग रुसला. आज त्याईचा मशीनचा वारच होता, तं तसाच उपाशी गेला रुसून. आता आला, अन् तुमच्या सुनेनं ठेवलेली लवकी खाऊन राहिला. तोंड असं करून." तिनं तोंड करून दाखवलं.

पोळीवाली रडायला लागली. मी रडले नाही. डॉक्टरनं रडू नका म्हणून सांगितलंच होतं.

"चूक माझी हाये," मी म्हटलं. "सुनेची नाई, पोळीवालीची नाई. सून सांगत होती, मी ऐकलं नाई."

बाईनं माझ्या पट्टीकडे पाहिलं. "डोया कापला व्हय आजच?"

"हो."

"मंग मीठ कसं दिसन," ती म्हणाली आणि उठली. "उद्यापासून नीट पाठवा. मी तं चाखनच."

"चाख," मी म्हटलं. "रोज चाख."

नंतर तीन दिवस मला खुर्चीतून उठायची मनाई होती. त्या तीन दिवसांत आम्ही दोघींनी ती यादी पुन्हा केली. सून एकेक ओळ वाचायची, मी सांगायची. खाट कोणती. किडनी. खाली दुसरी खाट. किडनी. तिसरी. किडनी. तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना पहिल्या दिवशी मला मूर्खासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं नाही. माणसं पाच होती, तर शब्द पाचदा म्हणायला काय हरकत होती? मी एवढी वर्षं शाई वाचवत होते.

सुनेनं आणखी एक केलं. डब्याचा खाना रिकामा राहिला किंवा त्यात ओळखीचा शब्द नसला तर ती ओळ लाल होते आणि यादीच्या वर येऊन बसते. पोळीवालीला सांगितलं, लाल दिसली की डबा भरायचा नाही, विचारायचं. आणि पातेल्यात काही उरलं तरी विचारायचं. हे दुसरं मी सांगितलं. पोळीवाली आता इतकं विचारते की डोकं उठतं. मी तिला गप बस म्हणत नाही.

दुसऱ्या खाटेवरच्या त्या म्हातारीला काही झालं नाही. तिच्या मुलानं आमचा डबा बंद केला. त्याचं बरोबर होतं. मी जाऊन त्याला तसं सांगून आले.

आणि सून. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मी सांगितलं होतं, हे वाक्य तिनं एकदाही म्हटलेलं नाही. माझ्यासमोर नाही, मुलासमोर नाही, पाहुण्यांसमोर नाही. मी तिच्या जागी असते तर सणासुदीला तरी म्हटलंच असतं. माझ्या सासूनं माझी एक करपलेली खीर मरेपर्यंत काढली होती. मलाही तेच वळण लागलं असतं. ते सुनेमुळे थांबलं, आणि हे तिचं माझ्यावर मोबाईलच्या पानाहून मोठं ऋण आहे.

खाप्याच्या माणसाला महिन्याभरानं सुटी झाली. मशीनसाठी ये-जा करायची, बाकी घरी. निघताना बाई ओट्याशी आली. तोपर्यंत आमचं बोलणं चांगलंच सुरू झालं होतं.

"आता घरी कसं करू मावशी? इथं तुमी सांगत होत्या."

सुनेनं तिचा मोबाईल मागून घेतला आणि डब्याच्या झाकणावरच्या चित्रावर धरला. पान उघडलं. "काकू, हे खाप्यालेही उघडते. सकाळी किडनी दाबायचं, वार दाबायचा. जे दिसन ते करायचं. कृतीही लिहिली हाये खाली."

"अन् डबा नाई घेतला तरी दिसन?"

"दिसन."

बाईनं दोनदा दाबून पाहिलं, किडनी, गुरुवार, आणि मोबाईल ब्लाउजमध्ये ठेवला. आभार वगैरे काही मानले नाहीत. मलाही अपेक्षा नव्हती. मला वाटलं, दोन दिवस पाहील आणि विसरेल.

पंधरा दिवसांनी फोन आला. "मावशी, तुमच्या पानावर दोडका हाये. आमच्या बजारात आज दोडका नाई. काय करू?"

मी सांगितलं, लवकी कर, पाणी फेकून. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. लवकी आहे पण नवरा लवकीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो, दुसरं काय? त्याच्या पुढच्या आठवड्यात तक्रार, की पानावर बुधवारची भाजी दोनदा दिसून राहिली. पाहिलं तर खरंच दोनदा होती. सुनेनं काढली. आमच्या गल्लीत बसून आम्हाला ती दिसली नाही, आणि कन्हानच्या काठावरून तिला दिसली. ती आजही चाखूनच पाहते, फक्त आता सगळं पान चाखते.

मागच्या सोमवारी तिचा पुन्हा फोन होता. दोडका महाग नाही, पण कडू निघतो, टाकावा लागतो. नवरा बरा आहे, काकड्यांच्या वेलांपाशी जाऊन बसतो, खायला मागतो, ती देत नाही. मी फोन ठेवला तेव्हा सून मोबाईल घेऊन बसलेलीच होती.

"आई, असं करू. प्रत्येक भाजीपुढे एक नवीन खाना टाकते. ही नसली तर कोणती. मंग त्या काकूले फोन करावा लागणार नाई."

"फोन तं ती करनच."

"करन. पण दुसऱ्याईले तं कामी येईन." तिनं पहिली ओळ उघडली. "दोडका नसला तर?"

"लवकी. उकळून, पाणी फेकून, मीठ नाही."

"कोहळं नसलं तर?"

"त्यालेही तेच..." मी म्हटलं आणि थांबले. तिनं मान वर केली नाही. बोट त्या खान्यावर ठेवून वाट पाहत राहिली.

"लवकी," मी म्हटलं. "उकळून, पाणी फेकून, मीठ नाही. लिही. पूर्ण लिही."